परदेशी नाणी : आधी वाचन, मग मोल

जुन्या परदेशी नाण्यांच्या संग्रहाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘या नाण्याची किंमत किती?’ अशी असते. परंतु नाणे कोणत्या देशाचे, कोणत्या सालचे, कोणत्या धातूचे आणि कोणत्या टांकसाळीत पाडलेले हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला अर्थच येत नाही. त्यामुळे किमतीची विचारणा करणाऱ्या वाचकांनाही आधी नाणे वाचण्याचीच विनंती केली आहे.

प्रश्न : घरातील एका जुन्या डब्यात अनेक देशांची नाणी मिसळलेली सापडली. काहींची लिपी वाचता येत नाही, आणि रोमन अक्षरे असलेल्यांवरही देशाचे ओळखीचे नाव दिसत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात लिपीपासून करावी. नाणी रोमन, रशियन, ग्रीक, अरबी आणि चिनी-जपानी अशा लिपींच्या ढिगांत विभागली की निम्मे काम होते. त्यानंतर लक्षात ठेवायचे ते इतकेच, की देश स्वतःला जे म्हणतो ते नाव नाण्यावर असते, आपण नकाशावर वाचतो ते नसते. ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘मग्यार’ म्हणजे हंगेरी आणि ‘आयरे’ म्हणजे आयर्लंड. एस-एच-क्यू या अक्षरांनी सुरू होणारा शब्द दिसला तर नाणे अल्बानियाचे समजावे. स्वित्झर्लंडमध्ये चार राष्ट्रीय भाषा असल्याने कोणत्याही एकीला झुकते माप न देता तेथील नाण्यांवर ‘हेल्वेशिया’ हे लॅटिन नाव घालतात. सर्वांत जास्त फसगत सोव्हिएत नाण्यांच्या बाबतीत होते. त्यांच्यावरची अक्षरे रोमन समजून वाचली तर ‘सीसीसीपी’ असे वाचले जाते. ती रशियन लिपीतील असल्यामुळे प्रत्यक्षात ‘एस एस एस आर’ अशी आहेत.

ब्रिटनच्या जुन्या नाण्यांवर सहसा देशाचे सुटे नाव आढळत नाही. राजा किंवा राणीच्या मुखवट्याभोवती तोडून लिहिलेल्या लॅटिन शब्दांत त्यांच्या पदव्या असतात, आणि त्यांचाही उपयोग होतो. उदाहरणार्थ, त्यातील ‘इंड इंप’ ही अक्षरे म्हणजे हिंदुस्थानच्या सम्राटपदाचा उल्लेख. ती १९४९ पासून ब्रिटिश नाण्यांवरून गेली. त्यामुळे सहाव्या जॉर्जचे झिजलेले नाणे असेल आणि साल पुसट असेल, तरी ही अक्षरे आहेत की नाहीत यावरून त्याचा काळ बऱ्याच अंशी ठरतो.

यापुढची पायरी टांकसाळीच्या चिन्हाची. सालाच्या खाली, मुखवट्याच्या मानेशी किंवा मूल्याच्या बाजूला एखादे बारीक अक्षर असते. जर्मन नाण्यांवरील ‘ए’ हे बर्लिनचे, ‘डी’ म्युनिकचे, ‘एफ’ स्टुटगार्टचे, ‘जी’ कार्लस्रुहेचे आणि ‘जे’ हँबुर्गचे चिन्ह आहे. अमेरिकन नाण्यावर मात्र ‘डी’ म्हणजे डेन्व्हर आणि ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. म्हणून देश ठरण्यापूर्वी अक्षराचा अर्थ लावू नये. अनेक देशांच्या नाण्यांवर ‘एच’ दिसतो. तो बर्मिंगहॅममधील हीटन या खासगी टांकसाळीचा आहे, कारण ज्या देशांची स्वतःची टांकसाळ नव्हती किंवा पुरेशी नव्हती त्यांची नाणी ही टांकसाळ कंत्राटावर पाडून देत असे.

हे सर्व टिपून झाल्यावर तालिका (कॅटलॉग) उघडावी. जागतिक नाण्यांच्या तालिकांत क्राउझ आणि मिश्लर या दोन संपादकांच्या नावांवरून पडलेला ‘केएम क्रमांक’ सर्वत्र चालतो. देश, मूल्य, साल, व्यास आणि वजन हाताशी असेल, तर हा क्रमांक शोधायला काही मिनिटेच लागतात. छायाचित्राशी छायाचित्र ताडून पाहण्याच्या पद्धतीवर मात्र फार विसंबू नये. एकच आकृती अनेक वर्षे आणि कधी कधी वेगवेगळ्या धातूंत वापरलेली असते.

प्रश्न : माझ्याजवळच्या अरबी लिपीतील नाण्यावर १२९३ आणि थायलंडच्या नाण्यावर २५०५ असे साल आहे. पहिले नाणे सातशे वर्षांपूर्वीचे समजावे काय? आणि दुसरे तर भविष्यकाळातले ठरते!

उत्तर : दोन्ही नाणी आधुनिक काळातील आहेत. प्रश्न कालगणनेचा आहे, आणि या छंदातील सर्वांत रंजक भाग माझ्या मते हाच.

हिजरी सन चांद्र असल्यामुळे त्याचे वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे ठराविक आकडा मिळवून भागत नाही. हिजरी सनाला ०.९७ ने गुणावे आणि ६२२ मिळवावे, म्हणजे इसवी सन जवळपास अचूक मिळतो. हिजरी १३२० म्हणजे या हिशेबाने १९०२. मात्र तुमच्या नाण्यावरील १२९३ हे नाणे पाडल्याचे साल नसून, बहुधा तुर्कस्तानचा ऑटोमन सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्या राज्यारोहणाचे साल आहे. ऑटोमन पद्धतीत राज्यारोहणाचे साल कायम राहत असे आणि कारकिर्दीचे कितवे वर्ष हे दुसऱ्या एका छोट्या आकड्याने दाखवीत. नाण्याच्या दुसऱ्या ठिकाणी, बहुतेक वेळा सुलतानाच्या वळणदार तुघऱ्याजवळ (नावाच्या सहीवजा मुद्रेजवळ), तो आकडा शोधा. तो ३३ असेल तर १२९३ मध्ये ३२ मिळवून हिजरी १३२५, म्हणजे इसवी सन १९०७. इजिप्तच्या त्या काळातील नाण्यांवरही हीच पद्धत आहे. अंक वाचताना एक काळजी घ्या : अरबी लिपीत शून्यासारखे दिसणारे छोटे वर्तुळ हा पाचाचा अंक आहे आणि शून्य नुसत्या टिंबाने दाखवतात. उघड्या तोंडाचा, इंग्रजी ‘व्ही’सारखा अंक सात आणि तोच उलटा केला की आठ. नाणे उलटे धरले की सात-आठांची अदलाबदल होते, म्हणून आधी लेखाची सरळ बाजू ठरवून घ्यावी.

इराणच्या विसाव्या शतकातील नाण्यांना हे गणित लावू नये. तेथे १९२५ पासून सौर हिजरी सन आहे आणि त्यात ६२१ मिळवायचे असतात. १३५० म्हणजे १९७१. मध्येच २५३५ ते २५३७ असे आकडे असलेली नाणी आढळतात. शहाच्या राजवटीने १९७६ साली प्राचीन इराणी सम्राट सायरसपासूनची शाही कालगणना सुरू केली आणि ती दोन-तीन वर्षांतच बंद पडली, त्या काळातील ती आहेत.

थायलंडच्या बौद्ध संवतातून ५४३ वजा करावेत, म्हणजे तुमचे २५०५ हे १९६२ होते. इस्राएलच्या हिब्रू सनातून ३७६० वजा करावेत. नेपाळची नाणी देवनागरीत असल्यामुळे आपल्याला वाचायला सोपी, परंतु त्यांच्यावर विक्रम संवत असतो. त्यातून ५७ वजा केले की २०२८ चे १९७१ होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंतच्या नेपाळी नाण्यांवर मात्र शक आहे, त्यात ७८ मिळवायचे. १८३० हा आकडा पाहून ते नाणे १८३० सालचे मानणारे संग्राहक पुष्कळ भेटतात. ते शक १८३०, म्हणजे १९०८ चे असते.

जपानमध्ये सम्राटाच्या कालखंडाचे नाव आणि त्यातील वर्ष दिलेले असते. शोवा कालखंडाच्या वर्षात १९२५ मिळवावेत, त्यामुळे शोवा ३९ म्हणजे १९६४. मेइजीसाठी १८६७, तैशोसाठी १९११ आणि हेइसेईसाठी १९८८ मिळवावेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची बरीच जपानी नाणी उजवीकडून डावीकडे वाचावी लागतात, हे विसरल्यास तेरावे वर्ष तिसावे होऊन बसते. तैवानच्या नाण्यांवरील वर्ष चिनी प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९१२ पासून, मोजलेले असते.

इसवी सन स्वच्छ लिहिलेला असला तरी तोच खरा असेल असे नाही. स्पेनच्या फ्रँको काळातील पेसेटांवर ठळक आकड्यांत १९५७ असे साल असते. परंतु ते त्या नमुन्याला मंजुरी मिळाल्याचे साल आहे. नाणे प्रत्यक्ष कधी पाडले ते मागील बाजूच्या इवल्याशा ताऱ्यांच्या आत कोरलेले असते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन ते तारे वाचा. एकाच ‘१९५७’ची कित्येक वेगवेगळी वर्षे निघतात, आणि त्यांतील काही वर्षांची नाणी इतरांपेक्षा पुष्कळ दुर्मीळ आहेत.

प्रश्न : नाणे जितके जुने तितके मौल्यवान, हे खरे ना?

उत्तर : नाही. चौथ्या शतकातील, कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळातील रोमन कांस्य नाणी इतक्या प्रचंड संख्येने पाडली गेली आणि पुरलेल्या साठ्यांतून इतकी सापडली, की नवशिक्या संग्राहकालाही ती सहज परवडतात. याउलट ब्रिटनची १९३३ सालची पेनी काल-परवाची वाटावी अशी. परंतु त्या वर्षी चलनासाठी पेनी पाडण्याची गरजच पडली नव्हती, त्यामुळे मोजून हाताच्या बोटांवर येतील एवढीच नाणी अस्तित्वात आहेत. मोल तीन गोष्टींवर ठरते : किती नाणी उरली आहेत, ती मिळवण्याची इच्छा किती जणांना आहे, आणि तुमच्या हातातील नाणे कोणत्या स्थितीत आहे.

स्थितीच्या वर्णनाची भाषा नीट समजून घ्यावी. विक्रेत्याने ‘गुड’ असे लिहिले असेल तर नाणे चांगले आहे असा समज करून घेऊ नये. ही खालच्या पायऱ्यांपैकी एक आहे. बाह्यरेषा दिसते, पण केस, पिसे, पाने असे बारीक कोरीव काम झिजून गेलेले असते. तिच्या वर ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ आणि शेवटी चलनात न फिरलेले नाणे अशी चढण आहे. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या मोठ्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली, आणि आज पारदर्शक पेटीत सीलबंद करून मिळणाऱ्या नाण्यांवर तिचेच आकडे असतात. चाळीस आणि पंचेचाळीस यांतील फरकाला नवशिक्याने पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राचीन नाण्यांबाबत आणखी एक अट पाळावी. नाणे कोणाच्या संग्रहातून आले आणि ते उगमदेशातून कायदेशीर मार्गाने बाहेर पडले काय, याचा लेखी पुरावा मागावा. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० साली झाला आणि त्यानंतर अनेक देशांनी उत्खननातील नाण्यांच्या ने-आणीवर निर्बंध घातले. माती लागलेल्या, न धुतलेल्या नाण्यांचे पुडके स्वस्तात मिळते. पण त्या मातीबरोबर एखाद्या स्थळाचा इतिहासही उखडला गेलेला असतो.

प्रश्न : काळी पडलेली चांदीची आणि हिरवट झालेली तांब्याची नाणी कशाने स्वच्छ करावीत? लिंबाचा रस, दातांची पेस्ट आणि भांड्यांची पावडर यांपैकी सौम्य काय?

उत्तर : तिन्ही घातक आहेत. पेस्ट आणि पावडर यांत घासणारे कण असतात आणि ते नाण्यावर एकाच दिशेच्या असंख्य बारीक रेघा उमटवतात. लिंबाच्या रसातील आम्ल डागाबरोबर धातूचाही थर खाते. टांकसाळीतून बाहेर पडताना नव्या नाण्यावर एक विशिष्ट झळाळी असते. ठशाच्या दाबाखाली धातू पसरताना पृष्ठभागावर पडलेल्या सूक्ष्म रेषांवर प्रकाश फिरल्यामुळे ती दिसते. एकदा घासले की त्या रेषा जातात आणि कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. घासलेले नाणे चकाकते, पण ती चकाकी सपाट आणि मेलेली असते, आणि जाणत्या माणसाला ती दुरूनही ओळखू येते.

चांदीवरील काळेपणा हा हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे तयार झालेला सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर आहे. तो समान असेल तर संग्राहक त्याला दोष मानीत नाहीत. कडेपासून आत निळसर-सोनेरी छटा येत गेलेल्या नाण्याला उलट जास्त मागणी असते. तांब्या-कांस्यावरील घट्ट, गुळगुळीत तपकिरी किंवा हिरवा थर हा नाण्याचे रक्षणच करतो. तो काढला की खाली खड्डे पडलेला, गुलाबी, उघडा धातू राहतो.

मग करावे काय? बहुतेक वेळा काहीच नाही. सुटी माती असेल तर नाणे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात काही तास किंवा काही दिवस ठेवावे, पाणी बदलावे आणि मऊ कापडावर टिपून, न चोळता वाळवावे. तेलकट किंवा चिकट थर असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन चालते. ते धातूशी प्रक्रिया करीत नाही, फक्त चिकटा विरघळवते. काचेच्या भांड्यात नाणे बुडवून ठेवावे आणि बाहेर काढल्यावर पुन्हा ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये बुचकळावे. अ‍ॅसिटोन अत्यंत ज्वालाग्राही असते. खोली हवेशीर असावी आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नसावी. नखांचा रंग काढण्याचे द्रव वापरू नये, कारण त्यात रंग, सुगंध आणि तेले मिसळलेली असतात. लोखंडी आणि जस्ताची नाणी मात्र पाण्यापासून दूरच ठेवावीत.

एका गोष्टीत ‘काहीच करू नका’ हा सल्ला लागू नाही. जमिनीतून निघालेल्या कांस्य नाण्यावर फिकट हिरवी भुकटी येत असेल आणि झटकल्यावर काही दिवसांत पुन्हा उगवत असेल, तर ते क्लोराइडमुळे होणारे क्षरण आहे. ते दमट हवेत आत-आत खात जाते. असे नाणे लगेच वेगळे काढून कोरड्या हवाबंद डबीत सिलिका जेलबरोबर ठेवावे आणि उपचारासाठी जाणकाराकडे न्यावे.

प्रश्न : मला भेट म्हणून मिळालेल्या मोठ्या चांदीच्या नाण्यावर एका बुरखाधारी स्त्रीचा मुखवटा, मागे दोन डोक्यांचा गरुड आणि १७८० असे साल आहे. नाणे नवे वाटते. ते बनावट असेल काय?

उत्तर : वर्णनावरून हा मारिया तेरेसा थालर आहे, आणि त्याची कहाणी अशी आहे की ‘खरे की खोटे’ या दोन उत्तरांत ती मावत नाही. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा १७८० च्या नोव्हेंबरमध्ये मरण पावली. तोपर्यंत तिचा थालर तांबड्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर, अरबस्तानापासून इथिओपियापर्यंत व्यापाराचे नाणे म्हणून रुळला होता. तेथील व्यापारी ओळखीचा मुखवटा आणि ओळखीचे साल असल्याशिवाय नाणे घेण्यास कां-कूं करीत, म्हणून टांकसाळींनी साल १७८० वर गोठवून तेच नाणे पाडणे चालू ठेवले. व्हिएन्नाच काय, पण पुढे रोम, लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, बर्मिंगहॅम आणि मुंबई येथील टांकसाळींतही हे ऑस्ट्रियन नाणे निघाले. इथिओपियावरील स्वारीच्या वेळी या चलनाची गरज भासल्यामुळे इटलीने १९३५ साली ठसे मिळवून रोममध्ये ते पाडण्यास सुरुवात केली, आणि इटलीची मक्तेदारी होऊ नये म्हणून ब्रिटननेही तेच केले. व्हिएन्नात ते आजही निघते. तेव्हा तुमचे नाणे नवे दिसत असेल तर ते बहुधा अधिकृत पुनर्मुद्रण असेल. त्याला बनावट म्हणता येत नाही, तसेच अठराव्या शतकातीलही म्हणता येत नाही.

मात्र या थालरची खरोखरच खोटी नाणीही भरपूर आहेत, म्हणून परीक्षा करावी. अधिकृत वजन २८.०७ ग्रॅम, व्यास सुमारे ४० मिलिमीटर आणि चांदीचे प्रमाण हजारी ८३३ आहे. कडेवर ‘न्याय आणि दया’ या अर्थाची लॅटिन अक्षरे असायला हवीत. ओतीव नकलेत कडेवर जोडाची रेघ, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि बोथट अक्षरे आढळतात.

वजन जुळले तरी घनता तपासणे चांगले, आणि ते घरच्या छोट्या काट्यावर होते. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा. नाणे पातळ दोऱ्याने टांगून, तळाला किंवा बाजूला न टेकवता, पूर्ण पाण्यात बुडवावे. जो आकडा दिसेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय. अस्सल थालरसाठी तो सुमारे २.७५ ग्रॅम यायला हवा, कारण या मिश्रधातूची घनता १०.२ च्या आसपास आहे. त्याच वजनाचे तांबे-निकेलचे नाणे असेल तर आकडा ३.१ च्या पुढे जातो. टेबलावर आपटून आवाज ऐकण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. आवाजाने काही सिद्ध होवो न होवो, कडेला खोच नक्की पडते.

लोहचुंबकाचा उपयोग आहे, पण त्याची मर्यादा ओळखून. चांदीचे म्हणून विकलेले नाणे चुंबकाला चिकटले तर प्रश्न मिटला. न चिकटणे हा मात्र पुरावा नाही, कारण पितळ, शिसे आणि तांबे-निकेलही चिकटत नाहीत. उलट, शुद्ध निकेलची अस्सल नाणी चिकटतात. कॅनडाची अनेक दशकांची पाच सेंटची नाणी तशी आहेत. अमेरिकेचा १९४३ चा सेंट हे या परीक्षेचे उत्तम उदाहरण ठरावे. युद्धात तांबे वाचवण्यासाठी त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट पाडले. चुकून तांब्याच्या चकत्यांवर निघालेले मोजके सेंट अतिशय दुर्मीळ असल्याने, पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन फसवणूक केली जाते. असा ‘तांब्याचा’ सेंट चुंबकाला चिकटतो आणि फसवणूक तेथेच उघडी पडते.

प्रश्न : प्लॅस्टिकच्या पाकिटांच्या अल्बममध्ये ठेवलेली नाणी काही वर्षांत हिरवी आणि चिकट झाली. अल्बम तर नाण्यांसाठीचाच होता.

उत्तर : तो अल्बम पीव्हीसीचा असणार. हे प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली द्रव्ये कालांतराने बाहेर झिरपतात, आणि पीव्हीसी विघटित होताना सुटणारे आम्ल धातूवर चढते. मऊ, लवचीक आणि उघडताच उग्र वास येणारी पाकिटे नाण्यांसाठी म्हणून विकली जात असली तरी घेऊ नयेत. नाणी ताबडतोब बाहेर काढून वर सांगितल्याप्रमाणे अ‍ॅसिटोनमध्ये धुवावीत. चिकटा जाईल, पण आम्लाने पडलेले खड्डे राहतील.

पॉलिस्टरची (मायलर या नावाने ओळखली जाणारी) पाकिटे किंवा खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी सुरक्षित आहेत. चौकटीला मारलेल्या पिना चिमट्याने चपट्या कराव्यात, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे पडतात. आणि नाणे बाहेर काढण्यापूर्वी सर्व पिना काढाव्यात. रबर बँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीजवळ ठेवू नये. ओकसारख्या लाकडातून सुटणारी आम्ले शिसे आणि जस्त यांना बाधतात, तेव्हा देखण्या लाकडी पेटीचा मोहही आवरावा. नाणे नेहमी कडेने धरावे. बोटांचा ठसा आज दिसत नाही, तो महिन्यांनी तपकिरी होऊन उमटतो.

प्रश्न : चलनातून गेलेली युरोपीय नाणी बँकेत बदलून मिळतात काय?

उत्तर : सामान्य बँका नाणी घेत नाहीत, त्या-त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे नियम पाहावे लागतात. जर्मनीची मध्यवर्ती बँक डॉइश मार्कची नाणी कोणत्याही मुदतीशिवाय युरोत बदलून देते, ऑस्ट्रियाची बँक शिलिंगही घेते. स्पेनच्या पेसेटाची मुदत ३० जून २०२१ रोजी संपली, इटलीच्या लिराची त्याच्या बरीच आधी. राइशमार्क (डॉइश मार्कच्या आधीचे जर्मन चलन) आणि पूर्व जर्मनीचे मार्क बदलून मिळत नाहीत. काही मंडळी डब्यातील सर्व नाणी एकदम देऊन टाकतात. त्यापूर्वी प्रत्येकाचे साल आणि टांकसाळीचे अक्षर तालिकेशी ताडून पाहावे, कारण एखाद-दुसरे नाणे दर्शनी मूल्याच्या कित्येक पटींचे निघू शकते.

प्रश्न : माझ्या मुलीला हा छंद लागला आहे, परंतु प्रत्येक देशाचे एक नाणे असा संग्रह लवकरच नीरस होईल अशी भीती वाटते. दुसरी कोणती दिशा द्यावी?

उत्तर : प्रत्येक देशाचे एक नाणे ही सुरुवात वाईट नाही, फक्त तेथे थांबू नये. नाण्यांमध्ये परस्परांशी संबंध दिसू लागला की संग्रहाला जीव येतो, म्हणून एखादा विषय निवडावा.

फार खर्च न करता होण्याजोगा एक विषय म्हणजे युद्धकाळातील धातू. तांबे आणि निकेल तोफगोळे व यंत्रांकडे वळवल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात नाण्यांचे धातू सर्वत्र बदलले. जर्मनीने पाच-दहा फेनिगची नाणी जस्तात पाडली, नॉर्वेत लोखंडाची ओअर आली, नेदरलँड्स आणि बेल्जियममध्येही जस्त आले. जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारच्या काळातील बरीच फ्रेंच नाणी अ‍ॅल्युमिनियमची आहेतच, शिवाय त्यांच्यावरून ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हे शब्द जाऊन ‘श्रम, कुटुंब, पितृभूमी’ हे आले. राजवट बदलल्याची खूण इतक्या स्वच्छ रीतीने क्वचितच हातात येते. अमेरिकेने १९४२ च्या अखेरीपासून १९४५ पर्यंत पाच सेंटच्या नाण्यातील निकेल काढून ३५ टक्के चांदी घातली, आणि ही नाणी पुढे वेगळी काढता यावीत म्हणून मागील बाजूच्या घुमटावर टांकसाळीचे मोठे अक्षर कोरले. कॅनडाने त्याच मूल्याचे नाणे १९४३ मध्ये पितळेसारख्या मिश्रधातूत, बारा कोनांचे पाडले आणि त्याच्या कडेलगत मोर्स संकेतांत कामगारांना उद्देशून संदेश टिंबा-रेघांनी लिहिला. मुलीला तो स्वतःच उलगडू द्यावा. बेल्जियमचे १९४४ चे दोन फ्रँकचे नाणे याच संचात बसते : ते फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत, १९४३ च्या अमेरिकन सेंटांसाठी आणून उरलेल्या पोलादी चकत्यांवर पाडलेले आहे. ते आणि तो पोलादी सेंट शेजारी-शेजारी ठेवले, आणि दोन्हींखाली चुंबक धरला, की दोन देशांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

भोकाची नाणी हाही चांगला विषय आहे. चिनी चौकोनी भोकाची ओतीव नाणी, जपानचे पाच आणि पन्नास येन, डेन्मार्कचे पंचवीस ओअर ही सहज मिळतात. त्यांतच ब्रिटिश पूर्व आफ्रिका आणि ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेची १९३६ ची नाणी ठेवावीत. आठव्या एडवर्डने त्याच वर्षी सिंहासन सोडल्यामुळे त्याच्या मुखवट्याची ब्रिटिश नाणी चलनात आलीच नाहीत. या वसाहतींच्या नाण्यांवर मात्र मध्यभागी भोक असल्याने मुखवट्याची गरज नव्हती, म्हणून त्याच्या नावाची नाणी वर्ष संपण्यापूर्वीच पाडून झाली होती.

विषय कोणताही निवडला तरी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवायला लावावी. प्रत्येक नाण्याला एक क्रमांक देऊन देश, मूल्य, मूळ सनातील साल आणि त्याचे केलेले रूपांतर, टांकसाळीचे चिन्ह, व्यास, वजन, तालिका क्रमांक आणि ते कोणाकडून व केव्हा मिळाले हे त्यात लिहावे. यांतील शेवटची नोंद बहुतेक जण टाळतात. बाकी सर्व माहिती नाण्याकडे पाहून पुन्हा मिळवता येते, तेवढी एक येत नाही.